डाव्या चाकाखालचा डाग

११ ऑगस्ट २०२५, श्रावणातला सोमवार. खेड तालुक्यातल्या पापळवाडीच्या बायका पिकअपमध्ये बसून कुंडेश्वराच्या दर्शनाला निघाल्या होत्या. दुपारी एकच्या सुमारास चढावर गाडी मागं आली आणि खाली दरीत गेली. किमान दहा बायका गेल्या. पंचवीसहून जास्त माणसं जखमी झाली.

खेड आमच्या आंबेगावच्या शेजारचा तालुका. त्या गाडीचं काय झालं याचा निवाडा तपास आणि न्यायालय करेल, त्यावर मी बोलणार नाही. पण बातमी आली तेव्हा मी घोडेगावात खताच्या दुकानासमोर उभा होतो आणि तिथल्या पायरीवर मला बसावं लागलं. सात वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, आमची पिकअप पोखरीच्या घाटात गेली होती. त्या गाडीचे तास मला मिनिटांसकट पाठ आहेत. ते आज लिहितो, कारण आमच्या जुन्नर-आंबेगावात अशी गाडी दर दुसऱ्या अंगणात उभी आहे.

तीन आठवडे आधी

दादानं बॉनेट उघडलं तेव्हा ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी खालच्या रेघेच्याही खाली गेली होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. गाडी त्याची, चालवायचाही तोच. गोठ्याच्या फळीवर अर्धी बाटली पडून होती, गेल्या वर्षी उघडलेली, झाकण सैल. ती त्यानं ओतली, पातळी वर आली, बॉनेट बंद झालं.

ब्रेक ऑइल डिझेलसारखं जळून कमी होत नाही. ते बंद नळ्यांत असतं. पातळी खाली जायला दोनच कारणं असतात. एक, लायनर झिजले म्हणजे पिस्टन पुढं सरकतात आणि थोडं ऑइल त्यांच्या मागं जाऊन बसतं. दुसरं, कुठून तरी गळतंय. दोन्हीपैकी काहीही असलं तरी चाक उघडून बघायला हवं. नुसतं ओतलं की गाडीनं दाखवलेली खूण आपण आपल्या हातानं पुसतो.

आणि त्या उघड्या बाटलीचं. हे ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की तेच १४० अंशांना उकळायला लागतं. आमच्याकडं पावसाळ्यात मिठाच्या बरणीलाही पाणी सुटतं. फळीवरच्या बाटलीनं एका पावसाळ्यात काय काय पिऊन घेतलं असेल, याचा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नाही.

साडेपंधरा तास आधी, रात्री ९

सकाळी ताईच्या वाडीला जायचं ठरलं. राजपूरच्या पलीकडं तिची वाडी. जाताना भाताचं बी, खताच्या गोण्या आणि चार पत्रे न्यायचे, येताना त्यांचा हिरडा घेऊन यायचा. ताईचा मुलगा आमच्याकडं राहून शिकत होता. वय एकोणीस. पोलीस भरतीसाठी रोज पहाटे शिनोलीच्या रस्त्यावर पळायचा. तोही सोबत येणार होता.

दादानं गाडी अंगणात लावली आणि हँडब्रेक ओढला. तो नवव्या दातावर गेला. एरवी पाचव्या-सहाव्याला धरायचा. दादानं सवयीनं चाकामागं धोंडा लावला. पॅनेलवरचा लाल दिवा दोन महिन्यांपासून लागून राहिला होता. हँडब्रेक ओढलेला असला तरी तो लागतो आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी तोच लागतो. रात्री डोळ्यावर येतो म्हणून दादानं त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.

आमचे आजोबा बैलगाडी हाकायचे. गाडीखाली वंगणाचं नळकांडं टांगलेलं असायचं. पहाटे निघायचं असेल तर रात्रीच चाक सैल करून आखाला वंगण घालायचे, खीळ हातानं हलवून बघायचे, मग बैलांचे खूर बघायचे. आजही आमच्या भागात शर्यतीच्या घाटात गाडा पळवायचा असला की गाडामालक बैलाला चार दिवस आधीपासून चालवून बघतो, पाय चाचपतो, नालेत खडा अडकलाय का तपासतो. बैल बोलत नाही म्हणून आपण त्याच्याकडं बघायला शिकलो. गाडी डिझेल टाकलं की निघते. तिच्याकडं बघायची सवय आमच्या घरात आजोबांबरोबरच गेली.

साडेसात तास आधी, पहाटे ५

या तासाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबतो.

माझ्या हातात बॅटरी होती, पत्रे बांधायला दोरी शोधत होतो. डाव्या मागच्या चाकाशी वाकलो आणि टायरच्या आतल्या अंगाला ओल दिसली. रिंगच्या काठावरनं एक ओघळ खाली आला होता आणि जमिनीवर भाकरीएवढा काळपट डाग पडला होता. मी बोट लावलं. बुळबुळीत होतं. दोन बोटांत चोळलं तरी वाळेना. आदल्या दिवशी वळवाचा पाऊस पडून गेला होता. पत्र्यावरनं निथळलं असेल असं मनात आलं आणि बोट मी धोतराच्या फडक्याला पुसलं.

पाणी असं लागत नाही. पाणी चोळलं की संपतं. हे मला त्या बोटानं सांगितलं होतं.

त्या क्षणी चाक खोललं असतं तर सात तासांनी जे झालं ते झालंच नसतं. एवढंही करायची गरज नव्हती. दहा मिनिटं पुरली असती. मी आता रोज करतो तो क्रम असा. आधी गाडीखाली जमीन बघायची: काळा डाग असेल तर इंजिन ऑइल, हिरवट किंवा लालसर पाणी असेल तर रेडिएटर, आणि चाकाच्या आतल्या बाजूला ओल असेल तर ब्रेक. मग टायर. हवा मोजून घ्यायची, नुसत्या लाथेवर जायचं नाही, आणि टायरच्या खाचांत दगड अडकलाय का तेही बघायचं. चाकाचे नट हातानं कळत नाहीत. म्हणून आम्ही प्रत्येक नटावरून रिंगवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली आहे. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. चाक बदललं असेल तर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा पान्यानं आवळायचे, कारण पहिल्या फेरीत ते बसतात आणि सैल पडतात. मग वाकून पाटे बघायचे. एखादं पान तडकलं असेल तर तिथं गंजाची ताजी, तांबूस रेघ दिसते. यू-बोल्ट हलत नाहीत ना, हे पान्याचा एक ठोका मारून आवाजावर कळतं. ऑइल, रेडिएटरचं पाणी, फॅनचा पट्टा. स्टेअरिंग डावी-उजवीकडं हलवून किती मोकळं फिरतंय ते.

आणि सगळ्यात शेवटी ब्रेक. इंजिन बंद ठेवून चार-पाच वेळा दाबायचा, म्हणजे बूस्टरमधली व्हॅक्यूम संपते. मग पाय दाबून धरायचा आणि तीस आकडे मोजायचे. पाय हळूहळू खाली जात असेल तर कुठं तरी गळतंय किंवा मास्टर सिलिंडरचे कप गेलेत. पाय दाबलेलाच ठेवून इंजिन सुरू करायचं. पाय जरासा खाली गेला तर बूस्टर काम करतोय.

त्या पहाटे यातलं काही झालं नाही. "झालं का रं? ऊन व्हायच्या आत घाट चढायचाय," दादा म्हणाला. मी म्हणालो, "झालं."

पाच तास आधी, सकाळी ७.३०

डिंभ्याच्या पुढं धरणाचं पाणी सकाळच्या उजेडात चांदीसारखं दिसत होतं. जून लागला की पाणी इतकं उतरतं की जुन्या वस्त्यांची जोती वर येतात. इथनंच एक रस्ता आहुप्याच्या अंगाला, माळीणकडं जातो. ३० जुलै २०१४ च्या सकाळी एसटी घेऊन गेलेल्या चालकाला तिथं गावच दिसलं नाही, तेव्हा डोंगर खाली आल्याचं बाहेर कळलं. १५१ माणसं गेली. त्या चिखलात पुढचे आठ दिवस इथल्याच ट्रॅक्टर-जीपा मदतीचं सामान ओढत होत्या. डोंगरातल्या वाडीला अशी गाडी म्हणजे बाळंतिणीला दवाखान्यात नेणारी, नवरीला सासरी नेणारी, मयताला खाली आणणारी एकच गाडी असते. म्हणूनच तिची हेळसांड मला सोसत नाही.

घाट अर्धा चढून चहासाठी थांबलो. दादानं हँडब्रेक ओढला, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि उतरला. गाडी एक हात मागं आली. भाच्यानं उडी मारून चाकामागं दगड टाकला. "मामा, हँडब्रेक धरत नाही तुमचा," तो म्हणाला. दादा म्हणाला, "केबल ताणलीय. परवा गॅरेजला टाकू."

केबल ताणते, हे खरं आहे. पण या गाड्यांचा हँडब्रेक मागच्या दोन ड्रममधलेच लायनर दाबतो. त्या लायनरवर ब्रेक ऑइल सांडलं असेल तर केबल कितीही ओढा, तेल लावलेल्या पाटीवर पाय घसरतो तसा लायनर घसरतो. डाव्या मागच्या चाकात व्हील सिलिंडरचा रबरी कप फाटला होता आणि ऑइल थेट लायनरवर पडत होतं. म्हणजे एकाच गळतीनं मागचा ब्रेक गेला होता आणि हँडब्रेकही.

चढावर माणसं भरलेली गाडी थांबली की आणखी एक गोष्ट होते. हौद्यात उभी असलेली माणसं मागं रेलतात, वजन मागच्या आखावर आणि त्याच्याही मागं जातं, पुढची चाकं हलकी होतात. स्टेअरिंग फिरवलं तरी गाडी ऐकत नाही. मालाच्या गाडीत माणसं बसवायला कायद्याची मनाई आहे ती उगाच नाही. पोतं घाबरून एका अंगाला पळत नाही, माणूस पळतो.

सव्वातीन तास आधी, सकाळी ९.१५

वाडीच्या अलीकडं ओढा. पावसानं गुडघ्याखाली पाणी आलं होतं. गाडी आरामात गेली. पलीकडच्या वळणावर दादानं ब्रेक दाबला आणि त्याचा पाय एरवीपेक्षा खोल गेला. त्यानं दुसऱ्यांदा दाबला, मग लागला.

"ड्रममध्ये पाणी गेलं," तो म्हणाला.

हे कारण खोटं नव्हतं. ओढ्यातनं गेल्यावर लायनर भिजतात. पुढं शंभर-दोनशे मीटर हळू चालवत ब्रेकवर हलका पाय ठेवला की गरम होऊन वाळतात. पण पाण्यानं ब्रेक कमी लागतो, पाय खोल जात नाही. पाय खोल जातो तो ऑइल कमी झाल्यानं. दोन वेगळ्या खुणा आहेत. सकाळपासून आम्ही प्रत्येक खुणेला जवळचं, सोपं, परवावर ढकलता येईल असं कारण शोधून देत होतो, आणि ते दर वेळी मिळत होतं.

दीड तास आधी, सकाळी ११

ताईनं नाचणीच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. हिरड्याची पोती आमच्या अंदाजापेक्षा जास्त निघाली. शेजारच्या दोन घरांनीही आपली आणून ठेवली. नाही म्हणणं जमलं नाही. वर्षाचा पैसा त्यात असतो. एप्रिल-मेच्या उन्हात झाडावर चढून काढलेला, अंगणात वाळवलेला माल. फाळक्याच्या वर दोन थर गेले. पोत्यांवर भाचा बसला. ताई त्याला म्हणाली, "खाली केबिनीत बस ना." तो म्हणाला, "वारा लागतो वर."

मीही त्याला खाली बोलावलं नाही. पुढं तिघं बसलो असतो, एवढंच झालं असतं.

वीस मिनिटं आधी, दुपारी १२.१०

घाटाचा उतार सुरू झाला. दादानं गाडी न्यूट्रलला सोडली.

डिझेल वाचतं म्हणून आमच्याकडचे कितीतरी चालक हे करतात. मीही करायचो. पण गाडी गिअरमध्ये असली की इंजिनच तिला अडवतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या चालकांचा नियम त्यासाठीच आहे. न्यूट्रलला सगळा भार ब्रेकवर येतो, आणि तो भार किती असतो याचा हिशोब मी नंतर केला. तीन टन भरलेली गाडी दोनशे मीटर खाली उतरते तेव्हा जी उष्णता तयार होते, तिच्यानं अठरा लिटर गार पाण्याला उकळी येईल. हांडाभर पाणी, वीस मिनिटांत, चार चाकांच्या लोखंडात. आमच्या गाडीत मागची डावी बाजू तेलात भिजलेली आणि मागच्या नळ्यांतलं ऑइल जवळजवळ संपलेलं. म्हणजे तो सगळा हांडा पुढच्या दोन चाकांवर.

मास्टर सिलिंडरचे दोन भाग यासाठीच असतात. मागचा गेला तर पुढचा उरतो. पुढचा उरला होता, म्हणूनच सकाळपासून गाडी थांबत होती आणि आम्हाला ती धड वाटत होती.

चार मिनिटं आधी

जळका वास आला. लायनर तापल्याचा, तिखट. वरनं भाच्यानं टपावर दोनदा थाप मारली. त्याला पुढच्या चाकातनं धूर दिसला असणार. मी दादाकडं बघितलं. तो म्हणाला, "पुढं रुंद जागा आहे, तिथं थांबवू."

इथंही वेळ होता. गाडी अजून फार वेगात नव्हती.

दुपारी १२.३०

पुढच्या वळणाला दादानं ब्रेक दाबला आणि पाय थेट तळाला गेला. नळीतलं ऑइल उकळलं की त्यात वाफ धरते. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ते जोर चाकापर्यंत पोचवतं. वाफ दाबली जाते. पायाला मग नुसता पोकळ स्पंज लागतो. दादानं तीन-चार वेळा भराभरा दाबला, एकदा जरासा लागला, मग तोही गेला. त्यानं गिअर टाकायला दांडा ओढला. गाडीनं वेग घेतला होता, गिअर करकरला आणि बसला नाही. मी हँडब्रेक ओढला, दोन्ही हातांनी, शेवटच्या दातापर्यंत. काहीच झालं नाही.

दादानं गाडी दरीकडं जाऊ दिली नाही. त्यानं ती डोंगराच्या अंगाला घातली. चाक गटारीत गेलं, कडा घासला, दगड काचेवर आले आणि गाडी डाव्या कुशीवर पडली. इंजिन चालूच होतं. हिरडा रस्त्यावर सांडून गडगडत खाली चालला होता, तो आवाज मला अजून येतो.

दादाचं गळपट्टीचं हाड मोडलं. माझ्या दोन बरगड्या. भाचा फाळक्याखाली होता.

मागनं आलेल्या जीपमधल्या माणसांनी ओंडका लावून फाळका उचलला. आधी घोडेगाव, मग मंचर, मग पुणे. चौथ्या दिवशी त्याचा डावा पाय गुडघ्याखाली काढला.

त्यानंतर

मेस्त्रीनं ड्रम उघडला तेव्हा मी समोर होतो. लायनर काळे, ओले, बोटानं रेघ ओढता येईल असे. व्हील सिलिंडरमधनं त्यानं रबरी कप काढून माझ्या तळहातावर ठेवला. अंगठ्याच्या नखाएवढ्या भागावर त्याची कड उलटली होती. त्यानं विचारलं, "चाकाखाली ओल दिसली नाही का कुणाला?"

दादानं माझ्याकडं बघितलं नाही. मी त्याला त्या पहाटेचं कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं. मग पुण्याला जाऊन भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ छताकडं बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, मीपण दगड लावला होता ना चाकाला. मलापण कळायला पाहिजे होतं." ताईला सांगायला मला आणखी वर्ष लागलं.

गाडी आम्ही दुरुस्त करून ठेवली. विकायचा विचार झाला होता, पण ताईच्या वाडीला दुसरी गाडी नाही. ब्रेक ऑइल आता दर दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरतो, दर वेळी सीलबंद बाटली फोडून. उरलेलं फेकतो. लाल दिव्यावरची पट्टी काढली. कुंडेश्वरच्या बातमीनंतर आमच्या आळीतले चार पिकअपवाले पहाटे आमच्या अंगणात गाडी आणून दाखवायला लागले. त्यातल्या एकाच्या नटांवरची रेघ गेल्या महिन्यात तुटलेली सापडली.

भाचा हल्ली घोडेगावात ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान चालवतो. पहाटे मात्र तो आधी आमच्याकडं येतो. कुबडी दाराला टेकवून केबिनीत चढतो आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवतो. मी बॅटरी घेऊन खाली आडवा होतो, डाव्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला तोंड करून.

"दाब. धरून ठेव."

तो मोठ्यानं मोजतो. मी चाकाकडं बघत राहतो. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

"कोरडं आहे," मी म्हणतो. "सोड."